मेस्त्रींची चित्रविद्या

कोल्हापुरात खरी कॉर्नरच्या चौकातून जाणाऱ्या-येणाऱ्यांना तेथल्या स्तंभाचे आता काही विशेष वाटत नाही. वाहने त्याच्या बाजूने निघून जातात, आणि पत्ता सांगताना ‘कॅमेरा स्तंभापाशी’ एवढे म्हटले की काम भागते. छत्रपतींच्या या राजधानीत पुतळ्यांना तोटा नाही, आणि तो असावा असे म्हणण्याची कोणाची प्राज्ञाही नाही. परंतु एखाद्या यंत्राच्या नावे स्मारक उभारले जावे, आणि तेही विलायतेहून पेटीत बंद होऊन आलेल्या यंत्राच्या नव्हे, तर याच गावातल्या माणसांनी कातून, ठोकून, घासून सिद्ध केलेल्या यंत्राच्या, ही गोष्ट महाराष्ट्रात तरी मला दुसरीकडे आढळलेली नाही. ज्यांच्या नावाने हे स्मारक आहे ते बाबूराव कृष्णराव मेस्त्री, अर्थात बाबूराव पेंटर, 3 जून 1890 रोजी या शहरात जन्मले आणि 16 जानेवारी 1954 रोजी निवर्तले. चित्रकार, शिल्पकार, यंत्रज्ञ, दिग्दर्शक, भित्तिपत्रकांचे कर्ते असे त्यांचे अनेक व्यवसाय सांगता येतात. ते स्वतः मात्र या सर्वांना एकच काम समजत असावेत, असे त्यांच्या चरित्राचा मागोवा घेताना वारंवार वाटते.

आपल्याकडे चित्रपटाविषयी जे लेखन होते ते बहुतांशी साहित्याच्या अंगणात वाढलेल्या लोकांनी केलेले असते. कथा कोणाची, संवाद कोणाचे, सामाजिक आशय कोणता, मूळ कादंबरीशी इमान राखले की नाही, या चौकशा आटोपल्या की उरलेल्या दोन ओळींत ‘छायालेखन सुरेख, नेपथ्य प्रसंगोचित’ असा शेरा मारून समीक्षक मोकळा होतो. कोल्हापूरच्या परंपरेला हा शिरस्ता लागू केला की ती हातातून निसटते. कारण तेथे चित्रपट जन्मला तो लेखकाच्या मेजावर नव्हे, सुतार-लोहाराच्या शाळेत, सरसाच्या वासात आणि रंगविलेल्या पडद्यांच्या गुंडाळ्यांमध्ये. प्रतिमा ही हातांनी घडवावयाची वस्तू आहे, ही त्या लोकांची श्रद्धा होती. तिच्या जोरावर त्यांनी जे मिळविले ते मोठे होते, आणि जे गमावले त्यातही तिचाच वाटा होता.

एकोणिसावे शतक मावळताना आणि विसावे उगवताना कोल्हापूर संस्थानात कलेला जो आश्रय होता त्याचे श्रेय शाहू महाराजांना देण्याचा प्रघात आहे, आणि तो रास्त आहे. कुस्तीसाठी खासबागेचे मैदान 1912 मध्ये तयार झाले; त्याच्या लगत पॅलेस थिएटर उभे राहून 1915 मध्ये नाटकांसाठी खुले झाले. मुंबईच्या कलाशाळेत शिकून आलेले आबालाल रहिमान दरबारचे चित्रकार होते. रंकाळा आणि कोटितीर्थ यांच्या काठांवरची सकाळ-संध्याकाळ त्यांनी ज्या तन्मयतेने रंगविली तिचे संस्कार पुढच्या पिढीतील प्रत्येक कोल्हापुरी चित्रकाराने या ना त्या रूपाने घेतले आहेत. परंतु दरबारी आश्रयाच्या जोडीला आणखी एक आश्रयदाता होता, आणि मला तो अधिक महत्त्वाचा वाटतो: संगीत नाटकमंडळी. ज्या 1890 साली बाबूराव जन्मले त्याच साली याच गावी केशवराव भोसले जन्मले, आणि त्यांच्या ‘ललितकलादर्श’ मंडळीला गाणारा नट जितका लागे तितकाच डोळे दिपविणारा पडदाही लागे.

बाबूरावांचे घर कारागिरांचे. लाकूड, लोखंड, मूर्तिकाम ही तेथली रोजची भाषा. त्यांना आणि त्यांच्याहून वडील असलेले, नात्याने भाऊ लागणारे आनंदराव मेस्त्री यांना कोणत्याही कलाशाळेची सनद नव्हती. जे शिकले ते हाताने आणि डोळ्याने. सुमारे 1910 पासून या दोघांनी नाटकमंडळ्यांसाठी पडदे रंगविण्याचे काम असे काही गाजविले की मराठी मंडळ्यांप्रमाणेच गुजराती-पारशी मंडळ्यांकडूनही त्यांना मागणी येऊ लागली, आणि ‘पेंटर’ ही उपाधी आडनावाच्या जागी जाऊन बसली.

पडदा रंगविणे हे काम किती अवघड असते याची कल्पना आजच्या प्रेक्षकाला सहजी येणार नाही. सरसात कालविलेला रंग ओला असताना गडद दिसतो आणि वाळला की फिका पडतो, म्हणून रंगविणाऱ्याला आज काय दिसते याकडे दुर्लक्ष करून उद्या काय दिसेल ते आज ठरवावे लागते. कापड जमिनीवर पसरलेले, पंधरा-वीस हात लांब; त्यावर उभ्याने चालत कुंचला फिरवायचा, आणि ते चित्र मात्र पाहिले जाणार उभे टांगून, लांबून, रात्री, दिव्यांच्या पिवळ्या उजेडात. राजवाड्याचा दरबार असेल तर खांबांच्या रांगा दूर दूर जात एका बिंदूपाशी मिळाल्या पाहिजेत. पण त्या बिंदूपाशी नट उभा राहिला की तो खांबाएवढा उंच होऊन सगळी माया भंगते, म्हणून नटाच्या जागेचाही हिशेब आधीच करावा लागतो. अंतर, उजेड, पाहणाऱ्याची जागा आणि हालणाऱ्या माणसाचा चित्राशी असलेला संबंध, या चार गोष्टी ज्याला रोजच्या रोज तोलाव्या लागतात तो मनुष्य कॅमेऱ्याला डोळा लावण्यापूर्वीच अर्धा छायालेखक झालेला असतो. अर्धाच, हे खरे. कारण उरलेला अर्धा भाग यंत्राचा होता.

दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ 3 मे 1913 रोजी मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये लोकांपुढे आला. तो पाहून महाराष्ट्रातल्या किती तरुणांची झोप उडाली असेल हे सांगवत नाही. परंतु या दोघा मेस्त्रींची प्रतिक्रिया त्यांच्या कुळाला शोभेशीच होती. त्यांनी मुंबईच्या चोरबाजारातून चित्रे दाखविण्याचे एक यंत्र विकत घेतले आणि त्याचे पोट उघडून पाहिले. चित्र कसे दिसते हे नाटकाच्या पडद्याने त्यांना शिकविलेच होते. आता ते कसे हालते याचा तपास त्यांना करायचा होता. फाळक्यांनी 1912 मध्ये लंडनला जाऊन विल्यम्सनचा कॅमेरा आणला होता. कोल्हापूरकरांपाशी तेवढा पैसा नव्हता, आणि 1914 मध्ये महायुद्धाला तोंड फुटल्यावर विलायती सामान मिळण्याची शाश्वतीही उरली नाही. तेव्हा कॅमेरा आपणच करावयाचा, असे ठरले.

ही तजवीज वेडेपणाची वाटते ती कशामुळे, हे जरा विस्ताराने सांगितले पाहिजे. चलच्चित्रांची फीत 35 मिलिमीटर रुंदीची. तिच्या एका फुटात सोळा चित्रे बसतात, आणि मूकपटाच्या काळी हाताने दांडा फिरवून सेकंदाला साधारण सोळा चित्रे घेतली जात, म्हणजे सेकंदाला एक फूट फीत भिंगासमोरून सरके. पण ती सलग सरकून उपयोगी नाही. प्रत्येक चित्रापुरती फीत क्षणभर निश्चल उभी राहिली पाहिजे, त्या क्षणी झडप उघडून उजेड आत आला पाहिजे, झडप मिटली पाहिजे, आणि मग काठाच्या छिद्रांत शिरलेल्या पंजाने फीत नेमकी एका चित्राइतकी खाली ओढून पुन्हा स्थिर केली पाहिजे. आणि हे सर्व एका सेकंदात सोळा वेळा. या ओढण्यात केसाएवढा फरक पडला तर पडद्यावर शेकडो पटींनी मोठे होऊन दिसणारे चित्र थरथरू लागते आणि पाहणाऱ्याचे डोके दुखते. त्या काळी कच्ची फीत पुष्कळदा छिद्रांवाचूनच येई, तेव्हा छिद्रे पाडण्याचे यंत्र निराळे. आणि चित्र घेतल्यावर मूळ फितीवरून दुसरी छापण्याचे यंत्र आणखी निराळे. भिंगाची गोष्ट सोडली तर यात लोहाराला आणि सुताराला न समजणारे काही नव्हते; मात्र ज्या सूक्ष्म मापाने ते करायचे ते माप पाळणारी कारखानदारी त्या वेळी आपल्या मुलखात नव्हती.

या खटपटीत असतानाच 1916 मध्ये आनंदराव वारले. कोल्हापुरातल्या जुन्या मंडळींच्या बोलण्यात आजही आनंदरावांचे नाव ज्या हळहळीने येते तीवरून वाटते की दोघांत प्रतिभेची पहिली ठिणगी त्यांची असावी. परंतु ज्याचे काम हाती लागत नाही त्याच्याविषयी इतिहासाने जपूनच बोलावे. बाबूरावांनी चिकाटी सोडली नाही. त्यांना आता पेणहून आलेल्या विष्णुपंत दामले यांची साथ होती. दामल्यांचा हात यंत्रावर असा चाले की पुढे आवाजाचे यंत्र आले तेव्हा त्याचीही नाडी त्यांनी लीलया ओळखली. 1918 च्या सुमारास कॅमेरा चालता झाला. महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. तिला भांडवल पुरविणाऱ्यांत गायिका तानीबाई कागलकर या प्रमुख होत्या. मातबर सावकार आणि शहाणे व्यापारी जेथे हात आखडता घेत होते तेथे एका गाणाऱ्या बाईने आपली मिळकत या अनोळखी धंद्यात घातली, ही गोष्ट आपल्या चित्रपटेतिहासात बहुधा एका ओळीत उरकली जाते. मीही तिला दोनच ओळी देऊ शकत आहे, याचा संकोच वाटतो.

कंपनीचा पहिला चित्रपट ‘सैरंध्री’ 1920 च्या फेब्रुवारीत पुण्याच्या आर्यन थिएटरात लागला. त्यात स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनी केल्या. फाळक्यांच्या ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमला यांनी ही वाट आधीच चोखाळली होती, तरी कोल्हापुरातल्या गुलाबबाई आणि अनसूयाबाई यांनी कमलादेवी आणि सुशीलादेवी ही नावे धारण करून कंपनीत पाऊल टाकले तेव्हा समाजाने त्यांना सुखाने राहू दिले असे नाही. चित्रपटातील कीचकवधाचा प्रसंग पाहून प्रेक्षकांत हलकल्लोळ माजला आणि शेवटी तो भाग सरकारी आज्ञेने काढावा लागला. लोकमान्य टिळकांनी चित्रपट पाहून बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ ही पदवी दिली, हेही सर्वश्रुत आहे. माझे लक्ष मात्र त्या कीचकाकडे पुन्हा पुन्हा जाते. रंगभूमीवर कीचक कितीदा तरी मारला गेला होता आणि कोणाला मूर्च्छा आली नव्हती; येथे आली, कारण भीमाच्या हाताखाली पिळवटणारा देह बाबूरावांनी मूर्तिकाराच्या नजरेने रचला होता. स्नायू कोठे ताणतो, मान कोठे लुळी पडते, हे ज्याने मातीत केले आहे त्यालाच ते माणसाकडून करवून घेता येते.

त्यांची काम करण्याची रीतही मूर्तिकाराची. चित्रण सुरू होण्यापूर्वी ते पात्रांचे पोशाख, त्यांची ठेवण, प्रसंगातील हालचाली हे सारे कागदावर रेखाटून ठेवीत. असे चित्रांकित आराखडे करणारे भारतातले पहिले दिग्दर्शक ते, असे म्हटले जाते. मला या पहिलेपणाच्या स्पर्धेत फारसा रस नाही. रस आहे तो यात, की त्या रेखाटनांमुळे संपूर्ण कंपनी एका हाताची बोटे होऊन काम करू शकली. कागलचे फत्तेलाल, ज्यांना सगळे साहेबमामा म्हणत, ते चित्रे काढीत आणि कॅमेऱ्यामागेही उभे राहत. दामलेमामा यंत्र पाहत आणि फितीही धुवत. आणि 1920 मध्ये उमेदवारीला आलेला शांताराम वणकुद्रे नावाचा मुलगा झाडलोटीपासून अभिनयापर्यंत पडेल ते काम करी. कारखान्यात हजेरी होती, पण कामाची वाटणी नव्हती.

मेस्त्रींचे खरे वैभव प्रकाशात दिसते. त्या काळची फीत सर्व रंगांना सारखी दाद देत नसे. निळ्याला ती भुले आणि तांबड्याला जवळजवळ आंधळी असे, त्यामुळे कुंकू काळे उमटे, निळे आकाश कोरे पांढरे, आणि सावळ्या वर्णाचा नट होता त्याहून अधिक काळवंडलेला. रंग पाहून पोशाख ठरविणारा मनुष्य येथे फसणारच. ज्याने ओल्या रंगात वाळलेला रंग पाहण्याचा अभ्यास केला होता त्याला मात्र तांबड्यात काळा आणि निळ्यात पांढरा पाहणे जड गेले नसावे. पुढे 1923 च्या ‘सिंहगड’मध्ये बाबूरावांनी आणखी एक पाऊल टाकले. हरि नारायण आपट्यांच्या कादंबरीवरचा हा चित्रपट. कडा चढून जाण्याचा तो प्रसंग रात्रीचा, आणि रात्र दाखवायची म्हणजे दिवसा काढलेल्या चित्राला निळी झाक द्यायची, अशी त्या वेळची सर्वत्र वहिवाट. बाबूरावांनी कृत्रिम दिवे लावून चित्रण केले. भारतात असे पहिल्यांदाच घडले असे मानतात. चित्रपटाला लोटलेली गर्दी पाहूनच सरकारला करमणूक कर सुचला, असे कोल्हापूरकर आजही अभिमान आणि तक्रार यांच्या मिश्र सुरात सांगतात. त्याची दफ्तरी खातरजमा करण्याच्या भानगडीत ते पडत नाहीत, आणि मीही त्यांचा आनंद हिरावून घेऊ इच्छीत नाही.

या दिव्यांनी साधलेली गोष्ट केवळ रात्रीची नव्हती. सूर्याचा उजेड सर्वत्र सारखा पडतो. त्यात चित्रकाराला काही म्हणता येत नाही. उजेड आपल्या हुकमतीत आला की काय दाखवायचे याच्या बरोबरीने काय झाकायचे हेही ठरविता येते. 1925 च्या ‘सावकारी पाश’मध्ये बाबूरावांनी हे स्वातंत्र्य पुरेपूर वापरले असले पाहिजे. नारायण हरि आपट्यांच्या कथेवर आधारलेल्या या मूकपटात कर्जापायी जमीन गमावून शहरातल्या गिरणीची वाट धरणाऱ्या शेतकऱ्याची कहाणी होती आणि तो तरुण शेतकरी शांतारामांनी रंगविला होता. ज्यांनी तो पाहिला होता त्यांच्या आठवणीत कथेपेक्षा एक दृश्य टिकून राहिले: अंधारात बुडालेली एक झोपडी आणि तिच्यापाशी रडणारे कुत्रे. आवाज नसलेल्या चित्रपटातले ते रडणे लोकांना ऐकू आल्यासारखे आठवत राहिले, याचे श्रेय त्या झोपडीच्या अंधाराला दिले पाहिजे. या चित्रपटाला वास्तववादी म्हणण्याची पद्धत आहे. तो शब्द खोटा नाही. पण तो उच्चारला की बाबूरावांनी कर्जबाजारी शेतकऱ्यांविषयी काही प्रबंध वाचून मग कॅमेरा हाती घेतला, असा भास होतो. आबालालांच्या शिष्यपरंपरेतल्या माणसाला चूल, गोठा आणि पडकी भिंत यांवर पडणारा उजेड राजवाड्याइतकाच चित्रणीय वाटत होता. त्यांचे वास्तव डोळ्यातून आले आणि विचार त्याच्या मागून.

चित्रपटाची जाहिरात ही वेगळी कला आहे, हेही त्यांच्या मनाला कधी शिवले नसावे. कथानकाचा गोषवारा आणि छायाचित्रे असलेल्या पुस्तिका ते छापून काढीत, आणि भित्तिपत्रके स्वतः रंगवीत. आज उपलब्ध असलेल्या भारतीय चित्रपट-भित्तिपत्रकांत सर्वांत जुने मानले जाते ते त्यांच्याच ‘कल्याण खजिना’चे, 1924 चे. त्यापूर्वीची जाहिरात बहुधा अक्षरांचीच असे: खेळाचे नाव, वेळ, दर आणि ‘अपूर्व, अद्भुत’ ही ठराविक विशेषणे. चित्र पाहून मनुष्य तिकिटाच्या खिडकीकडे वळावा, ही कल्पना नाटकाचा दर्शनी पडदा रंगविणाऱ्याला सुचावी यात नवल ते काय? पण या कल्पनेने एक अख्खा धंदा जन्माला घातला. त्याच धंद्यातील कोल्हापूरचे सर्वांत मोठे नाव म्हणजे 1918 मध्ये जन्मलेले जी. कांबळे, शांतारामांच्या राजकमलसाठी त्यांनी रंगविलेले फलक पाहण्यासाठी मुंबईत लोक रस्त्यात थबकत, आणि महाराष्ट्र शासनाने अधिकृत म्हणून स्वीकारलेले शिवछत्रपतींचे चित्रही त्यांचेच. म्हणजे ज्या चित्रापुढे आपली सरकारी कार्यालये हार घालतात ते सिनेमाचे फलक रंगविणाऱ्या हाताचे आहे. कलेच्या उच्चनीचतेविषयी ज्यांची मते फार पक्की असतात त्यांनी या वस्तुस्थितीकडे एकदा पाहावे. फलक रंगविणारे जुने पेंटर सांगतात की छायाचित्रावर बारीक चौकटी आखायच्या, तितक्याच चौकटी मोठ्या करून फलकावर आखायच्या, आणि एकेका चौकटीतला मजकूर उतरवत जायचा. चेहऱ्यापाशी आले की मात्र चौकटी विसरायच्या. फ्लेक्स छापणारी यंत्रे आली आणि ही विद्या पाहता पाहता निरुपयोगी झाली. संगणकावर आखलेल्या फलकाला कमअस्सल म्हणण्याचा माझा हेतू नाही. त्यातही हात असतो, फक्त तो दुसऱ्या हत्याराला सरावलेला असतो. तक्रार एवढीच की एकाच चेहऱ्याचे शंभर फलक एका रात्रीत निघू शकतात म्हणून ते काढलेच पाहिजेत असे नाही, ही साधी गोष्ट आपल्या वाढदिवसप्रिय पुढाऱ्यांना कोणी सांगत नाही.

बाबूरावांच्या मूकपटांपैकी काही त्रोटक तुकडे सोडले तर आज काही शिल्लक नाही. ‘सैरंध्री’ नाही, ‘सिंहगड’ नाही, ‘सावकारी पाश’ही नाही. त्या काळची फीत नायट्रेटची. ती आपसूक कुजे, भडका घेई, आणि धंद्याच्या दृष्टीने जुनी झाली की तिच्यातली चांदी काढून घेण्यापुरतीच तिची किंमत उरे. पुढे पुण्यात 1964 मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले तेव्हा बहुतेक ऐवज आधीच गेलेला होता, आणि जे जमविले गेले त्यातलीही मोठी नायट्रेट पुंजी 2003 च्या जानेवारीत लागलेल्या आगीत भस्मसात झाली. वस्तू म्हणून प्रतिमा घडविणाऱ्यांच्या पदरी हे यावे यात एक क्रूर तर्कसंगती आहे. साहित्यिकाची संहिता जळाली तर दुसरी प्रत कोठेतरी सापडते. येथे फीत हीच कृती होती.

चित्रपट गेले, पण शाळा टिकली. कंपनीतील कुरबुरी वाढल्यावर दामले, फत्तेलाल, शांताराम आणि केशवराव धायबर हे चौघे बाहेर पडले आणि सीतारामपंत कुलकर्णी यांच्या भांडवलाची जोड मिळून 1 जून 1929 रोजी कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी निघाली. गुरूविरुद्ध शिष्यांनी बंड केले असे या घटनेचे वर्णन कोणी करतात. बाबूराव मनस्वी होते, हिशेबी नव्हते, आणि एकेका चौकटीसाठी दिवस घालविणाऱ्या माणसाच्या हाताखाली संसारी लोकांना फार काळ राहवत नाही, हे ध्यानी घेतले तर बंड हा शब्द मोठा वाटेल. 1933 मध्ये प्रभात पुण्याला आली. लॉ कॉलेज रस्त्यावरच्या तिच्या आवारात आता 1960 पासून शासनाची चित्रपटशिक्षण संस्था आहे, आणि तेथले प्रचंड चित्रीकरणगृह पाहिले की बोलपटाच्या त्या प्रारंभीच्या वर्षांत या मंडळींना केवढा आत्मविश्वास होता हे कळते. आत्मविश्वास कधी फसलाही: 1933 सालीच त्यांनी ‘सैरंध्री’ पुन्हा काढली, या वेळी रंगीत, आणि तिच्या प्रती जर्मनीत तयार करवून आणल्या, रंग असे काही उमटले की तो प्रयोग तेवढ्यावर थांबवावा लागला. रंगाऱ्यांची कंपनी रंगातच फसली, कारण या खेपेस रंग तिच्या हातात नव्हते.

मेस्त्रींच्या विद्येचे फळ प्रत्यक्ष पाहायचे असेल तर आज ‘संत तुकाराम’ पाहावा. दामले-फत्तेलालांचा हा चित्रपट 1936 च्या डिसेंबरात मुंबईच्या सेंट्रल सिनेमात लागला आणि वर्षाहून अधिक काळ चालला. 1937 च्या व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. विष्णुपंत पागनिसांची भावमुद्रा आणि शांताराम आठवल्यांची गीते यांविषयी एवढे लिहिले गेले आहे की मी भर घालू नये. मी तो अलीकडे पुन्हा पाहिला तो आवाज बंद करून. तसा पाहिला की गौरीबाईंची जिजाई आधी लक्षात येते. आजारी पोराच्या पायी संतापलेली ती बाई पायातली वहाण घेऊन विठोबावर धावते, तेव्हा तिच्या पदराची खोच, वाकलेली कंबर, पायांतला जोर हे सगळे कष्टाच्या सवयीचे आहे; तिला कोणी नाट्याचार्याने उभे राहायला शिकविलेले नाही. मग ध्यानात येते ते देहू गाव. भिंतींचा गिलावा, ओट्यांची झीज, दाराच्या चौकटीची उंची यांत एकही गोष्ट चित्रपटासाठी नवी केल्यासारखी दिसत नाही, आणि तरी सारे उभारलेले आहे. आणि मग चमत्कार येतात: धान्याचा वर्षाव, एका शिवाजीचे अनेक शिवाजी होणे, वैकुंठाला निघालेले पक्ष्याच्या आकाराचे विमान. आधुनिक प्रेक्षक येथे हसण्याची तयारी करतो, पण बहुधा हसू येत नाही. कारण ज्या हाताने ओट्याची झीज रचली त्याच हाताने, तितक्याच प्रामाणिक मापाने, ते विमानही रचले आहे. गाव खरे आणि चमत्कार खोटा असा भेद त्या कारागिरांनी केलेला नाही. पडद्यावर वैकुंठ रंगविताना आणि पाणवठा रंगविताना सरस एकाच भांड्यातला असे.

बाबूराव स्वतः बोलपटाच्या युगात फार रमले नाहीत. ‘उषा’ आणि ‘सावकारी पाश’ची 1936 मधील बोलकी आवृत्ती असे काही चित्रपट त्यांनी केले, परंतु मूकपटातली झोपडी बोलू लागल्यावर तिचा तो अंधार तसा उरला नसावा. त्यांचा अधिक काळ पुन्हा रंगात आणि शिल्पात गेला. 1947 मध्ये शांतारामांच्या राजकमलचा ‘लोकशाहीर रामजोशी’ निघाला. जयराम शिलेदारांचा रामजोशी, हंसा वाडकरांची बया, माडगूळकरांची लेखणी, असा तो सर्व बाजूंनी भरलेला चित्रपट. त्याचे दिग्दर्शन शांतारामांनी आपल्या गुरूकडे सोपविले होते. काम बाबूरावांच्या गतीने चालू लागले. एक दृश्य मनाजोगे जुळेपर्यंत पुढचे हाती घ्यायचे नाही, ही त्यांची रीत 1920 साली जशी होती तशीच होती. मधल्या काळात मात्र कच्च्या फितीचे, नटांच्या तारखांचे आणि चित्रीकरणगृहाच्या भाड्याचे हिशेब पार बदलले होते. शेवटी शांतारामांनी सूत्रे हाती घेऊन चित्रपट पुरा केला, असे सांगतात, आणि श्रेयनामावलीत दिग्दर्शक म्हणून दोघांचीही नावे आली. चित्रपट अफाट चालला. त्यातला कोणता भाग कोणाचा यावर चित्रपटवेड्या माणसांत अजून वाद झडतो. मला विचाराल तर तमाशाच्या फडातली जी दृश्ये दिव्याच्या एकाच बाजूने उजळलेली आणि दुसऱ्या बाजूने मुद्दाम काळी ठेवलेली दिसतात ती मी बाबूरावांच्या खात्यावर मांडतो. पुरावा मागाल तर माझ्यापाशी फक्त तो उजेड आहे.